बेन्नूचं मीठ आणि दामाजींची रास

"टीचर, लोक गणपतीला प्रसाद घ्यायला येतात, तास करायला नाय," काळुराम म्हणाला आणि मंडळाची सगळी सभा हसली.

जया म्हात्रे हसली नाही. गावदेवीच्या देवळातल्या सतरंजीवर ती मांडी घालून बसली होती आणि तिच्या पुढ्यात स्टीलच्या डब्यात मूठभर खडेमीठ होतं. डोंबिवली पश्चिमेच्या या खाडीकाठच्या गावात निम्म्या सभेला नववी-दहावीचं विज्ञान तिनंच शिकवलेलं. त्यामुळे हसणारे हसत होते ते तिची नजर चुकवून. अध्यक्ष काळुराम तेवढा तिच्या हाताखालून गेला नव्हता. तो तिच्याहून मोठा, म्हणून वाचलो, असं तोच सांगायचा.

"झालं हसून?" जयानं विचारलं. "आता ऐका. बेन्नू नावाचा एक लघुग्रह आहे. नासाच्या यानानं तिथून वाटीभर माती आणली. ती तपासून झाली, आणि यंदा जानेवारीत शास्त्रज्ञांनी सांगितलं की त्या मातीत मीठ आहे. धुण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार, आणि आपलं खायचं मीठसुद्धा. तिथे कधीकाळी खारं पाणी होतं. ते सुकत गेलं आणि एकेक क्षार खाली बसत गेला. पृथ्वी अजून धड तयार व्हायची होती, तेव्हाची गोष्ट."

"बरं. मग?"

"मग काय, काळुरामभाऊ. खारं पाणी सुकवायचं आणि मीठ बसवायचं. हे काम या गावानं किती पिढ्या केलं?"

सभेतलं हसू थांबलं. एकदोघांनी मोबाईल बघितले. काळुरामनं घसा साफ केला.

"ते गेलं आता, टीचर. पोरांची लग्नं ठरवताना कोन मिठागराचं नाव काढतो? बायोडेटात 'वडील मीठ ओढायचे' असं लिहायचं का?"

"मला देखाव्यात लिहायचंय," जया म्हणाली.

दरवर्षी ती देखावा मागायची आणि दरवर्षी मंडळ तिला आरतीच्या ताटांचं काम द्यायचं. चांद्रयान उतरलं त्या वर्षी विज्ञानाची हवा होती, पण तेव्हाही काम बाहेरच्या डेकोरेटरला गेलं. त्यानं केलेलं थर्माकोलचं यान पाण्याच्या टाकीसारखं दिसायचं, आणि लोक टाकीजवळ उभं राहून फोटो काढून गेले होते. त्याची आठवण केतननं काढली. केतन वेल्डिंगचं दुकान चालवायचा आणि मंडळाच्या लाइटचं सगळं बघायचा.

"टाकीपेक्षा तर बरं होईल ना काहीपण," तो म्हणाला. "सांगाडा मी बांधतो. टीचर, टेन्शन नका घेऊ."

काळुरामनं डब्यातला एक खडा उचलून परत टाकला. "ठीक. पण चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पडदा उघडला पाहिजे. नाय उघडला तर माझा किल्ल्याचा पडदा लागेल, तो तयारच हाय. आणि मग पुन्हा देखाव्याचा विषय नाय. कधीच."

"चालेल," जया म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावून उठली.

घरी तिचे वडील दामाजी ओटीवर बसले होते. ऐंशी उलटलेले, पाठीत वाकलेले, तळपायांची कातडी अजून दगडासारखी. मिठागरातल्या माणसाचे पाय चितेवरही लवकर जळत नाहीत, असं गावातल्या बायका अजून बोलतात. मिठागर बंद झालं तेव्हा जया कल्याणच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. रसायनशास्त्र तिनं निवडलं ते पुस्तकांमुळे नाही. लहानपणी ती बापाच्या मागे बांधावरून चालायची. काल नुसतं पाणी होतं तिथे आज पांढरी साय धरलेली दिसायची, आणि हे कोणी केलं असं विचारलं की बाप म्हणायचा, "मी नाय, उनानं." त्या उत्तरानं तिचं कधीच समाधान झालं नाही. लग्नाची स्थळं आली आणि गेली. ती गेल्याचं दुःख तिच्यापेक्षा आत्यांनाच जास्त झालं. ओटीला जाळी मारून तिनं क्लास काढला आणि गावातल्या पोरांच्या डोक्यात आम्ल आणि आम्लारी भरत बसली.

दामाजी मात्र मिठागराबद्दल बोलायचेच बंद झाले. कोणी नवीन माणूस भेटला की ते सांगायचे, "कंपनीत होतो." कोणती कंपनी हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

"बाबा, देखावा मिळाला," जयानं सांगितलं.

"कसला?"

तिनं बेन्नूचं सगळं पुन्हा सांगितलं. दामाजींनी ऐकून घेतलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "त्या गोट्यावर मीठ कोनी पिकवलं?"

"कोणी नाही. आपोआप. पाणी सुकलं, मीठ राहिलं."

"आपोआप कसं पिकंल गो? बांध घालायला मानूस नको?"

"तिथे बांध नव्हता."

"मग ते मीठ चांगलं नसंल," दामाजी म्हणाले. पण रात्री जेवताना त्यांनी स्वतःहून विचारलं, "खडे मोठं हायत का बारीक?" आणि जयाच्या लक्षात आलं की गोटा बाबांच्या डोक्यातून गेलेला नाही.

केतननं बांबू आणि तारेचा सांगाडा केला, त्यावर गोणपाट शिवलं. पुरुषभर उंचीचा वेडावाकडा खडक तयार झाला. त्याला काळा रंग दिला. आता वरून मिठाची खपली चढवायची होती. जयाचं म्हणणं होतं की दुकानातलं पिशवीचं मीठ आणावं. दामाजींनी हातातला चहा खाली ठेवला.

"ते मीठ हाय? ती पिठी हाय. लायटीत दिसनार पन नाय. उरनला माज्या मावसभावाच्या पोराचं मिठागर अजून चालू हाय. तिकडनं खडा आना. एकेक खडा चमकंल."

"बाबा, दिवस पावसाळ्याचे आहेत. त्याला पाणी सुटेल."

"मिठाची अख्खी रास पावसाल्यात उघड्यावर उभी रहायची आमची. वर गवत शाकारलं का चार महिनं काय होत नाय तिला. तुज्या मंडपाला तर पत्रा हाय."

रास खरोखरच राहायची. जयानं लहानपणी बघितलेली. आणि इतक्या वर्षांत बाबा पहिल्यांदाच 'आमची रास' म्हणाले होते. ते ऐकून शिक्षिका गप्प बसली आणि मुलगी 'बरं' म्हणाली.

उरणचं मीठ आलं. दामाजी रोज मंडपात जाऊन बसायला लागले. खळीचा हात फिरवायचा, त्यावर खडे दाबायचे, वर पुन्हा बारीक मीठ भुरभुरायचं. कुठला खडा कुठे बसवायचा यावर ते केतनशी भांडायचे. केतन बोलायचा, "आजोबा, तुम्ही डायरेक्टर, मी स्पॉटबॉय." खडक पांढरा होत गेला. केतननं एका बाजूनं दिवा मारला तेव्हा रस्त्यावरून जाणारे दोन रिक्षावाले थांबले. काळुरामसुद्धा येऊन गेला. जाताना खडकाला हात लावून बघितला.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी सकाळी केतनचा फोन आला. "टीचर, जरा या. लोचा झालाय."

जया धावत गेली. पावसाची उघडीप होती, हवा मात्र ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. खडकावरून पाणी ओघळत होतं. खपली जागोजाग सरकली होती, तारा गंजून गोणपाटावर विटकरी रेघा उतरल्या होत्या आणि स्टेजवर चिखलाचं थारोळं साचलं होतं. दामाजी तिच्या आधीच पोचले होते. ते खाली पडलेले खडे उचलून परत जागेवर दाबत होते, आणि खडे त्यांच्या बोटांत विरघळत होते.

काळुराम आला. त्यानं खडकाभोवती एक चक्कर मारली.

"टीचर, तुमचा ग्रह रडतोय."

कोणी हसलं नाही, हे त्यालाही खटकलं असावं. त्यानं आवाज खाली आणला. "उद्या संध्याकाळपर्यंत वेळ हाय. मी किल्ल्याच्या पडदेवाल्याला फोन करून ठेवतो. तुमच्यावर राग नाय, पण मला बाप्पा बसवायचाय."

दामाजींनी हातातला खडा खाली टाकला. "माजीच चूक," ते म्हणाले. "राशीचं वरचं मीठ वाहून जायचंच. आतलं रहायचं. इथं आत काय हाय, बांबू." आणि ते कोणाकडे न बघता घराकडे चालायला लागले.

जयाला हाक मारावीशी वाटली. पण हाक मारून काय सांगणार होती ती? खडेमिठात मीठ धरल्यावर उरलेल्या कडू पाण्याचा अंश राहतो, त्यातलं मॅग्नेशियम हवेतलं पाणी ओढून घेतं, हे तिनं प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहून शिकवलेलं. बाबांना राशीचा भरवसा होता, तिला बाबांचा. चूक दोघांनी वाटून घेतलेली.

दुपारपर्यंत तिनं आणि केतननं जे सुचेल ते केलं. हॅलोजन लावले. लग्नाच्या हॉलमधले मोठे पंखे आणले. केतनच्या बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला, तो जळला. तापलेला भाग तेवढा कोरडा व्हायचा आणि दिवा हलवला की पुन्हा घामाघूम.

"टीचर, सोडूया का?" केतननं विचारलं. "नाय म्हंजे, मी तुमच्यासोबत आहे. पण सोडूया का?"

"जेवून येते," जया म्हणाली. "तू पण जेव. सोडायचं असेल तर पोटभर जेवून सोडू."

घरी शीलावहिनी स्वयंपाकघरात होत्या. जयाच्या थोरल्या भावाची बायको, बोलायला तिखट आणि वाढायला सढळ. दामाजी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. जया ताटावर बसली. आमटी अळणी लागली.

"मीठ कमी आहे."

"मग घे ना, ती बरणी समोर हाय. झाकन नीट लाव परत. श्रावण लागला का मी कोनाला उघडी ठेवू देत नाय. आत तांदळाची पुरचुंडी टाकलेय. उघडं राहिलं का संपलं, मग मीठ शोधावं लागतं पान्यात."

जयाचा हात बरणीवर तसाच राहिला.

"काय झालं? झुरळ हाय?"

"नाही," जया म्हणाली. "वहिनी, उघडं राहिलं की मीठ संपतं."

"तेच बोलले मी. त्यासाठी बीएस्सी झालीस होय?"

जयाला जानेवारीत वाचलेलं आठवत होतं, आणि तेव्हा ती ज्या ओळीवरून पुढे गेली होती ती ओळ आता डोळ्यांपुढे येत होती. आकाशातून दगड पृथ्वीवर पडतच असतात. आपोआप, फुकट. मग बेन्नूपर्यंत यान पाठवायची गरज काय होती? गरज होती, कारण पृथ्वीवर पडलेल्या दगडाला इथली दमट हवा लागते. त्यातले नाजूक क्षार विरघळतात, बदलतात, आणि कोणाला कळतही नाही की तिथे मीठ होतं. म्हणून ती माती तिथेच डबीत बंद केली, डबी वाळवंटात उतरवली, आणि उघडली तीही नायट्रोजन भरलेल्या पेटीत. पृथ्वीची हवा लागू न देता.

तिनं जेवण अर्धं टाकलं नाही. वहिनींनी टाकू दिलं नसतं. पण हात धुताधुताच तिनं केतनला फोन लावला. "तुझी ती माशांची पेटी. मासे मेले होते ना सगळे? पेटी आहे का अजून?"

"आहे. टीचर, आता मासे?"

"धुऊन, खडखडीत पुसून आण. आणि वर घट्ट बसेल अशी काच काप."

मग ती आतल्या खोलीत गेली. "बाबा, उठा. दुसरा गोटा करायचाय. लहान. पेटीत बसेल एवढा."

"पुन्हा पानी सुटंल."

"या वेळी शाकारू आपण त्याला. गवताऐवजी काचेनं."

दामाजी वळले नाहीत. "लोकान्ला हसू दे एकदाच. दोनदा कशाला?"

"हसू देत. पहिला गोटा मी काढणार नाहीये, बाबा. तो तसाच रडत उभा राहणार आहे. त्याच्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. तुम्ही राशीचं सांगितलंत ते खोटं नव्हतं. वरचं वाहून जातं, आत झाकलेलं राहतं. तेच दाखवायचंय. आता मला खडे भाजून पाहिजेत आणि मला ते जमत नाही."

खाटेचा करकर आवाज आला. "चुलीवर भाजायचं," दामाजी म्हणाले. "गॅसवर तडतडून फुटतील."

पेटीतली हवा कोरडी ठेवायला काय टाकायचं, हा प्रश्न राहिला. तांदूळ पुरला नसता. जयानं क्लासच्या ग्रुपवर निरोप टाकला: नव्या चपला-बुटांच्या खोक्यात, पर्समध्ये, औषधाच्या बाटलीत त्या छोट्या पुड्या असतात, 'खाऊ नका' लिहिलेल्या, घरात असतील तेवढ्या आणून द्या. संध्याकाळपर्यंत ओटीवर पुड्यांचा ढीग झाला. आयाबाया कपाटं उपसून आल्या. एकीनं तर लग्नातल्या न घातलेल्या सँडलचं अख्खं खोकं आणलं. पुड्या सादळलेल्या असणार म्हणून शीलावहिनींनी त्या फोडून आतले पांढरे मणी मंद आचेवर तव्यात परतले.

"सण तोंडावर आलाय, मोदकाचं सारण राहिलंय, आणि मी चपलांच्या खोक्यातला साबुदाणा भाजतेय," त्या म्हणाल्या. पण एकही मणी करपू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दामाजींनी काळ्या दगडावर भाजलेले खडे बसवले. या वेळी केतननं भांडण काढलं नाही. तळाशी मणी, वर दगड, वर काच, कडेनं चिकटपट्टी. जयानं देखाव्यासाठी आधी लिहून ठेवलेलं भाषण बाजूला ठेवलं. संध्याकाळी काळुराम आला तेव्हा त्याच्यामागे टेम्पो होता आणि टेम्पोत गुंडाळलेला किल्ला.

"हे काय?" त्यानं विचारलं. मोठा खडक कालच्यापेक्षा जास्त वितळला होता. खाली पितळी परात ठेवली होती आणि तिच्यात टप् टप् आवाज येत होता. शेजारच्या पेटीत लहान दगड कोरडा, लखलखीत.

"देखावा," जया म्हणाली. "पडदा उघडा. नाही पटलं तर टेम्पो आहेच."

काळुरामनं घड्याळ बघितलं, मग गर्दी बघितली. आणि स्वतः दोरी ओढली.

मंडपातले दिवे मालवले गेले. अंधारात फक्त परातीतला आवाज. मग केतननं मोठ्या खडकावर दिवा टाकला आणि जया माइकवर बोलली.

"हा दगड आम्ही हौसेनं केला. तो वितळावा असं आमच्या मनात नव्हतं. आमचा अंदाज चुकला. पण आकाशातून जे दगड जमिनीवर पडतात त्यांचंही असंच होतं. त्यांच्यातलं मीठ आपली हवा पिऊन टाकते. म्हणून माणसाला तिथपर्यंत जावं लागलं." दिवा पेटीवर सरकला. खडे एकदम पेटल्यासारखे चमकले आणि मागून कोणीतरी "आई गं" म्हणालं. "आणि हे असं झाकून आणावं लागलं. त्यात मीठ निघालं, आणि सजीवांना लागणारे कच्चे पदार्थही निघाले. सुकत जाणारं खारं पाणी. आपली सुरुवात कदाचित अशाच कुठल्या पाण्यापासून झाली असेल. अजून नक्की कोणाला माहीत नाही. पण अशा पाण्याशी या गावाची ओळख जुनी आहे."

लोक रांगेनं पुढे आले. काळुराम टेम्पोवाल्याशी काहीतरी बोलला, आणि किल्ला न उतरवताच टेम्पो वळला. रांगेतल्या एका मुलीनं मोठ्या खडकाला बोट लावून चाटलं. कडेला खुर्चीवर बसलेले दामाजी खेकसले, "चाटू नको. ग्रहाचा हाय तो."

"खारट आहे," मुलगी म्हणाली.

तिची आई ठाण्याहून आलेली होती. तिनं कौतुकानं विचारलं, "आजोबा, हे मीठ कसं बसवलंत हो इतकं छान? तुम्ही आर्टिस्ट आहात का?"

जया माइकची वायर गुंडाळत होती. ती थांबली.

"नाय," दामाजी म्हणाले. "मी मिठागरात होतो. मीठ ओढायचो." आणि मग, बाईनं आणखी काही विचारलं नसतानाही, ते बांध कसा घालतात तिथपासून सांगायला लागले. रांग अडली. काळुराम रात्री मंडप बंद होईपर्यंत ओरडत राहिला की पुढे सरका, पण दामाजींना कोणी थांबवलं नाही.

विसर्जनाला मोठ्या खडकाचं उरलंसुरलं मीठ दामाजींनी परातीतल्या पाण्यासकट खाडीत ओतलं. पेटी क्लासमध्ये आली.

ऑक्टोबरात जयानं ओटीवर पेपर वाचता वाचता सांगितलं की यंदाचं रसायनशास्त्राचं नोबेल धातू आणि कार्बनी रेणू जोडून बनवलेल्या जाळीदार पदार्थांसाठी मिळालंय. आत इतकी पोकळी, की चिमूटभरात फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग निघतो. वाळवंटातल्या हवेतूनसुद्धा पाणी ओढून घेतात.

"त्यात काय? आमचं मीठ फुकट ओढायचं," दामाजी म्हणाले.

"ओढायचं, बाबा, आणि स्वतःच विरघळून बसायचं. हे तसंच राहतं. ओढलेलं पाणी परत देतं, आपल्याला प्यायला."

"शीलीच्या साबुदान्यासारखं."

"साधारण. पण त्याला तवा लागतो. याला सकाळचं ऊन पुरतं. रात्री पाणी धरायचं आणि उन्हात सोडायचं."

दामाजींनी पेटीतल्या गोट्याकडे बघितलं. खडे अजून कोरडे होते.

"उनावर काम करतो?" ते म्हणाले. "मग तो आमच्यातलाच हाय. काळुरामला सांगून ठेव, पुढल्या साली ह्याचा देखावा. परात नको, हंडा लागंल."